आधी बरणीतले फॉर्मॅलिन बघा, मग नवे मशीन घ्या

प्रति,
राज्यातील सरकारी, महापालिकेच्या आणि धर्मादाय रुग्णालयांचे अधिष्ठाते, वैद्यकीय अधीक्षक व खरेदी समित्यांचे सदस्य यांस

विषय: मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये एमएमआर (मिसमॅच रिपेअर, म्हणजे डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या) प्रथिनांची तपासणी ‘मागणी असेल तरच’ करण्याबाबत

स.न.वि.वि.

खर्चकपातीच्या बैठकांनंतर एकाहून अधिक रुग्णालयांच्या फायलींवर जवळजवळ सारख्याच शब्दांतला एक शेरा अलीकडे दिसू लागला आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या बायोप्सीवर एमएमआर प्रथिनांची तपासणी सरसकट करू नये. रुग्ण पन्नाशीच्या आतला असेल आणि सर्जनने लेखी मागितली असेल तरच करावी. त्याच बैठकांत एका नमुन्यातली शेकडो प्रथिने मोजणाऱ्या मशीनची कोटेशनेही मागवली जातात. चार प्रथिनांना पैसे नाहीत आणि चारशेंना आहेत, हा हिशेब आम्हाला लागलेला नाही.

हे पत्र लिहिणाऱ्यांत ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना कापून बघण्याच्या, टेबलाशी उभे राहणारे आहेत, मायक्रोटोम या यंत्रावर ब्लॉकचे, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्याचे, पातळ काप घेणारे आहेत, रिपोर्टवर सही करणारे आहेत आणि तो रिपोर्ट हातात धरून केमोचा निर्णय घेणारेही आहेत. चुकलेल्या स्लाइडचा जाब शेवटी आमच्याकडेच मागितला जातो. त्यामुळे ती का चुकते हे जाहीरपणे सांगण्याचा थोडा हक्क आम्हाला आहे असे आम्ही मानतो.

आधी ही चार प्रथिने कोणती ते सांगतो, कारण खरेदी समितीत पॅथॉलॉजीबाहेरचे लोक बहुसंख्य असतात. पेशीचे विभाजन होताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या हेरून दुरुस्त करायचे काम एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही प्रथिने करतात. छापखान्यातले मुद्रितशोधकच म्हणा. ती जोडीने बसतात. एमएलएच१ची जोडी पीएमएस२शी, एमएसएच२ची एमएसएच६शी. जोडीतला कर्ता गेला की आधारावर असलेलाही टिकत नाही, म्हणून एमएलएच१ गेलेल्या गाठीत पीएमएस२ही दिसत नाही. उलट मात्र होत नाही: पीएमएस२ किंवा एमएसएच६ एकटे जाऊ शकते. मोठ्या आतड्याच्या सुमारे १५ टक्के कॅन्सरमध्ये यातली एखादी तरी जोडी बिघडलेली असते. चौथ्या स्टेजच्या रुग्णांत हेच प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येते, कारण अशा गाठी दूरवर पसरण्याचे प्रमाण तुलनेने कमी असते.

या एका उत्तरावर किती गोष्टी फिरतात ते पाहा. दुसऱ्या स्टेजच्या रुग्णात प्रथिन गेलेले असेल तर भवितव्य बरे असते, आणि एकट्या ५-एफयूच्या किंवा कॅपेसिटाबिनच्या केमोचा त्याला फायदा दिसत नाही. २००३ आणि २०१० च्या अभ्यासांपासून हे माहीत आहे. तिसऱ्या स्टेजला ऑक्सॅलिप्लॅटिनसह केमो द्यावीच लागते, तिथे ‘भवितव्य बरे’ म्हणून थांबायचे नसते. चौथ्या स्टेजला उत्तर पुन्हा बदलते. कीनोट-१७७ या चाचणीत ३०७ रुग्ण होते आणि सगळ्यांच्या गाठी याच प्रकारच्या होत्या. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणारे, औषध मिळालेल्यांत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यांक काळ १६.५ महिने होता, केमो मिळालेल्यांत ८.२ महिने. २०२२ मध्ये गुदाशयाच्या अशाच कॅन्सरच्या पहिल्या १२ रुग्णांत डोस्टारलिमॅब या त्याच जातीच्या नुसत्या एका औषधाने गाठ पूर्ण विरघळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांना ना रेडिएशन लागले, ना ऑपरेशन. २०२४ मध्ये निश-२ चाचणीचा निकाल आला. ऑपरेशनआधी निव्होलुमॅबचे दोन आणि इपिलिमुमॅबचा एक डोस दिलेल्या १११ जणांपैकी ७५ जणांच्या काढलेल्या आतड्यात कॅन्सरची एकही जिवंत पेशी सापडली नाही. हे सगळे ज्या फाट्यावरून सुटते, तो फाटा म्हणजे चार स्लाइड, प्रत्येक प्रथिनाला एक.

आता तक्रारी.

पहिली, वयाच्या अटीबद्दल. पन्नाशीची रेघ कुणीतरी ‘आनुवंशिक असेल तर तरुण वयात होतो’ एवढेच लक्षात ठेवून ओढलेली दिसते. पण एमएमआर बिघडलेल्या गाठींपैकी बहुतेक आनुवंशिक नसतातच. त्यांत एमएलएच१ जनुकाचा प्रवर्तक भाग मिथाइल गटांनी झाकला जातो आणि जनुक गप्प होते. हे घडते ते मुख्यतः उतारवयात, आतड्याच्या उजव्या भागात, आणि बायकांत जास्त. सत्तरीतल्या आजींची सीकमची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची, गाठ ही या प्रकाराची सर्वांत नमुनेदार केस, आणि तुमच्या शेऱ्याने नेमकी तीच वगळली जाते. लिंच सिंड्रोमचे, म्हणजे हा दोष आनुवंशिक असलेले, सगळे रुग्णही पन्नाशीआधी येतात असे नाही. अमेरिकेतल्या ईजीएपीपी या तज्ज्ञगटाने २००९ मध्ये आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१७ मध्ये, वय न पाहता प्रत्येक नव्या रुग्णाची तपासणी करा, असेच सांगितले. ‘सर्जनने लेखी मागितली तर’ ही अट तर आणखी वाईट. ओपीडीत दीडशे पेशंट असलेला माणूस वेगळा फॉर्म भरायला विसरणारच. त्या विसरण्यावर बचत करायची, असा याचा अर्थ होतो.

दुसरी तक्रार एका वाक्याबद्दल आहे: ‘इम्युनोथेरपी परवडतच नाही, मग तपासणी कशाला?’ हे वाक्य बैठकीत बिनतोड वाटते, म्हणून जरा सावकाश उत्तर देतो.

औषध महाग आहे, यात वाद नाही. पण दुसऱ्या स्टेजच्या रुग्णाला निरुपयोगी केमो न देण्यासाठी औषध लागत नाही, रिपोर्ट लागतो. सहा महिन्यांच्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, तळहात-तळपायांची सोलवटलेली कातडी, जुलाब, बुडालेली मजुरी आणि गावाहून येण्या-जाण्याचे एसटीचे भाडे, हे सगळे त्या चार स्लाइडनी वाचू शकते. दुसरे म्हणजे घरची माणसे. लिंच सिंड्रोम निघाला तर प्रत्येक अपत्यात तो दोष उतरण्याची शक्यता निम्मी. एमएलएच१ किंवा एमएसएच२ मधला दोष असलेल्यांना विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी केली की गाठ पॉलिप असतानाच काढता येते. बायकांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरकडे लक्ष ठेवता येते. कॅप-२ चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन घेणाऱ्या लिंच रुग्णांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर पुढे कमी झाल्याचे दिसले आहे. अॅस्पिरिन तर सरकारी औषधालयातही मिळते. आणि किमती कायम तशाच राहतील असे कुणी सांगितले? डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब केमोला जोडून उपयोग होतो, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या चाचणीनेच दाखवले. ते उत्तर मोठ्या आतड्याला जसेच्या तसे लावता येत नाही हे आम्ही जाणतो. पण कोण रुग्ण पात्र आहेत याची यादीच तुमच्याकडे नसेल, तर असा प्रयोग आपल्याकडे होणार कसा, आणि औषधाची मागणी कोणत्या आकड्यावर नोंदवणार?

तिसरी तक्रार बरणीची आहे. ती सर्वांत क्षुल्लक दिसते, आणि सर्वांत जास्त रिपोर्ट तीच बिघडवते.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आतड्याचा नमुना निघतो. तीस-चाळीस सेंटिमीटर लांब, आत मळ, मध्ये गाठ. तो न उघडता अरुंद तोंडाच्या बरणीत दाबून बसवला जातो आणि उरलेल्या जागेत मावेल तेवढे, म्हणजे कपभर, फॉर्मॅलिन ओतले जाते. ते फॉर्मॅलिन कसे बनते? कॅनमधले ३७ ते ४० टक्क्यांचे द्रावण, त्यात अंदाजाने नळाचे पाणी. वॉर्डबॉय मामांना कुणी प्रमाण सांगितलेले नसते, सिस्टर पुढच्या केसच्या तयारीत असतात आणि रेसिडेंट जो फॉर्म भरत असतो त्यावर नमुना किती वाजता निघाला हे लिहायला रकानाच नसतो. शनिवारी दुपारी निघालेला नमुना सोमवारी सकाळी आमच्यापुढे येतो. झाकण उघडताच वासावरून कळते. बाहेरचा पृष्ठभाग उकडल्यासारखा पांढुरका, आणि सुरी आत गेली की मधोमध गाठ लालसर, लिबलिबीत. फॉर्मॅलिन तिथपर्यंत पोचलेलेच नसते. ते तासाला फार तर मिलिमीटरभर आत शिरते. तोवर मधल्या पेशी स्वतःच्याच विकरांनी पचलेल्या असतात. बाहेरच्या लॅबला द्यायचा नमुना तर नातेवाइकाच्या हाती प्लास्टिकच्या पिशवीत दिला जातो, कधी कधी नुसत्या सलाइनमध्ये.

बफर नसलेले फॉर्मॅलिन ठेवून ठेवून आम्ल होते. स्लाइडवर काळपट-तपकिरी कण बसतात आणि प्रथिनाला चिकटून रंग दाखवणाऱ्या अँटीबॉडीला पकडायला प्रथिनाचा आकार नीट उरत नाही. चारांपैकी पीएमएस२ आणि एमएसएच६ ही या बाबतीत विशेष नाजूक. बफर केलेल्या फॉर्मॅलिनची कृती कुठल्याही टेक्निशियनला पाठ असते: कॅनमधले फॉर्मॅलिन १०० मिलिलिटर, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिलिलिटर, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या आसपास. दोन फॉस्फेटच्या बाटल्या आणि एक वजनकाटा, एवढीच यात गुंतवणूक.

बाकीची शिस्तही याच मोलाची. नमुना निघाल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जावा. आतडे लांबीत उघडून सलाइनने हलकेच धुवावे, थर्माकोलच्या पाटीवर टाचण्यांनी ताणावे आणि किमान दहापट फॉर्मॅलिनमध्ये बुडवावे. गुदाशयाच्या नमुन्यात गाठीच्या जागी कात्री लावू नये, तिथली भोवतालची कड अखंड लागते. वरचा आणि खालचा भाग तेवढा उघडावा. एकूण मुरवण किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास. हा नियम मुळात स्तनाच्या कॅन्सरच्या तपासण्यांसाठी घातलेला, पण इथेही तोच पाळावा. शनिवारच्या ऑपरेशनसाठी रविवारी एक टेक्निशियन दोन तास आला तरी पुरते.

आता असा खराब मुरलेला ब्लॉक मायक्रोस्कोपखाली कसा दिसतो ते सांगतो. तपकिरी केंद्रक म्हणजे प्रथिन आहे, निळे म्हणजे नाही. खरोखर प्रथिन गेलेल्या गाठीत गाठीच्या ग्रंथी निळ्या असतात आणि त्यांच्यामध्ये विखुरलेल्या लिम्फोसाइट, आधार-ऊतीच्या पेशी, शेजारच्या निरोगी क्रिप्टचे (आतड्याच्या अस्तरातल्या ग्रंथींचे) तळ, सगळे तपकिरी. हे तपकिरी शेजारी म्हणजेच तपासणी चालली याचा पुरावा. खराब ब्लॉकमध्ये गाठही निळी आणि शेजारीही निळे. याला ‘प्रथिन नाही’ म्हणता येत नाही. तपासणीच झाली नाही, एवढेच म्हणता येते. घाईत किंवा अननुभवाने असा रिपोर्ट ‘लॉस’, म्हणजे प्रथिन गेले, म्हणून गेला, तर एका कुटुंबावर आनुवंशिक कॅन्सरचा शिक्का बसतो आणि एका रुग्णाला उपयोग न होणाऱ्या औषधासाठी जमीन गहाण टाकावी लागू शकते.

म्हणूनच आमचा आग्रह आहे की तपासणी मोठ्या नमुन्यावर न ठेवता कोलोनोस्कोपीच्या बायोप्सीवरच करावी. दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे लगेच मुरतात. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये तर दुसरा पर्यायच नाही: ऑपरेशनआधी केमो-रेडिएशन झाले की एमएसएच६चा रंग उतरतो आणि नसलेला दोष दिसू लागतो, आणि कधी कधी तपासायला गाठच उरत नाही. कोलोनोस्कोपी करणाऱ्यांनी दोन तुकड्यांवर भागवू नये, सहा-आठ घ्यावेत. लॅबने ब्लॉक पहिल्यांदा मायक्रोटोमवर लावतानाच चार मायक्रॉनच्या काही कोऱ्या स्लाइड कापून ठेवाव्यात, कारण दुसऱ्यांदा ब्लॉक सपाट करताना इवलासा तुकडा संपून जातो. मात्र त्या कोऱ्या स्लाइड सहा आठवड्यांच्या आत वापराव्यात. उघड्या पडलेल्या कापात प्रथिनाची ओळख हळूहळू पुसट होते.

चौथी तक्रार टेंडरची. अँटीबॉडी म्हणजे कापूस किंवा सिरिंज नव्हे. एकाच प्रथिनासाठीच्या अँटीबॉडीचे वेगवेगळे क्लोन, म्हणजे वाण, असतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एमएलएच१च्या एम१ या क्लोनने केंद्रकात ठिपके-ठिपके उमटतात. नवखा ते ‘प्रथिन आहे’ असे वाचतो, आणि ते नसते. लॅब एका क्लोनवर महिनाभर घालवते, रिट्रीव्हलचा, म्हणजे फॉर्मॅलिनने झाकलेले प्रथिन पुन्हा उघडे करण्याच्या पायरीचा, पीएच आणि वेळ बसवते, ज्ञात केसेसवर खात्री करून घेते. पुढच्या वर्षी सर्वांत कमी दराचा पुरवठादार बदलतो, दुसराच क्लोन येतो आणि डोळाही पहिल्यापासून बसवावा लागतो. निविदेत फक्त ‘अँटीबॉडी, एमएलएच१, १ नग’ असे लिहिण्याऐवजी क्लोनचे नाव, बाटलीचे माप आणि पुरवठ्याच्या दिवशी किमान बारा महिन्यांची मुदत शिल्लक असावी ही अट घाला. मुदत संपत आलेल्या बाटल्या मार्चएंडला येऊन पडतात. त्यांचे काय होते हे आम्हाला सांगावे लागू नये.

पाचवी छोटी आहे, पण माणसे दगावू शकतील इतकी छोटी. रिपोर्टवर ‘एमएमआर निगेटिव्ह’ लिहू नका. पॅथॉलॉजिस्टच्या मनात त्याचा अर्थ ‘प्रथिन गेले’. वाचणारा रेसिडेंट समजतो, ‘तपासणी निगेटिव्ह, म्हणजे सगळे ठीक’. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि रुग्ण मधल्या मध्ये. चारही प्रथिनांची नावे एकाखाली एक, प्रत्येकासमोर ‘शाबूत’ किंवा ‘नाहीसे’, अंतर्गत कंट्रोल (ते तपकिरी शेजारी) चालला की नाही, आणि खाली एका ओळीत अर्थ. एमएलएच१ नाहीसे असेल तर पुढची पायरीही तिथेच लिहावी: बीआरएएफ जनुकातल्या व्ही६००ई या बदलाची किंवा मिथाइलेशनची तपासणी. बीआरएएफचा बदल सापडला तर गाठ बहुधा आनुवंशिक नाही. एमएसएच२, एमएसएच६ किंवा एकटे पीएमएस२ गेले असेल तर थेट जनुकीय समुपदेशन.

सहावी, सीईएबद्दल. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलला गोल्ड आणि फ्रीडमन यांनी शोधलेले हे प्रथिन रक्तात मोजता येते, जवळजवळ प्रत्येक जिल्ह्याच्या गावी मोजले जाते, आणि तरीही बहुतेकदा वाया जाते. ऑपरेशनच्या आधीचा आकडाच घेतलेला नसतो. मग सहा महिन्यांनी आलेला ७ चा आकडा चढता आहे की उतरता, कुणालाच सांगता येत नाही. पाच नॅनोग्रॅमच्या वर असलेला ऑपरेशनआधीचा आकडा हा स्वतःच वाईट खूण. तो ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांत खाली यायला हवा, आणि आला नाही तर आत काहीतरी राहिले आहे असे धरून शोधायला हवे. पुढे दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये आणि एकाच पद्धतीने, कारण दोन कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आज तालुक्याला, उद्या पुण्याला, असे करून काढलेला ‘चढ’ हा नुसता मशीनचा फरक असू शकतो. बिडी-सिगारेट, कावीळ, स्वादुपिंडाची सूज यांनीही आकडा वाढतो, ऑक्सॅलिप्लॅटिन सुरू झाल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत तर खोटा उसळतो. एका आकड्यावर रुग्णाला हादरवू नये; पुन्हा मोजावे, पुन्हा वाढला तर सीटी करावा.

सीईएचा उदोउदो करायचा नाही. काही गाठी ते बनवतच नाहीत. ब्रिटनमधल्या एफएसीएस चाचणीत, १२०२ रुग्णांत, सीईएवर नियमित लक्ष ठेवलेल्या गटात बरे होण्याच्या उद्देशाने पुन्हा ऑपरेशन करता आलेले ६.७ टक्के होते, किमान पाठपुरावा केलेल्या गटात २.३ टक्के. एकूण आयुष्य वाढल्याचे मात्र त्यात सिद्ध झाले नाही. आणि निरोगी माणसांना ‘कॅन्सर चेकअप’ पॅकेजमध्ये सीईए करायला लावणे बंद करा. धर्मादाय रुग्णालयांच्या जाहिरातींतही ते दिसते, याची आम्हालाच लाज वाटते.

शेवटची तक्रार आमच्या स्वतःच्या बिरादरीवरही आहे. दरवर्षी एमडी पॅथॉलॉजीचे प्रबंध येतात: मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये पी५३ आणि केआय-६७, केसेस ५०. अँटीबॉडी बऱ्याचदा विद्यार्थ्याच्याच खिशातून. निष्कर्षात ‘प्रॉग्नॉस्टिक मार्कर’ हे शब्द हमखास, आणि त्या ५० जणांपैकी आज किती जिवंत आहेत ही माहिती प्रबंधात कुठेच नाही. गाठीच्या ग्रेडशी रंगाचा मेळ घातला की भवितव्य कळत नाही. भवितव्य कळायला माणसाचे पुढे काय झाले ते लिहून ठेवावे लागते. मार्करचे अभ्यास कसे मांडावेत याचे रिमार्क हे निकष २००५ पासून आहेत. पी५३च्या रंगावर उपचार ठरवावेत असे आजही कुणी सांगत नाही. सीडीएक्स२चे प्रकरण निदान विचार करण्याजोगे आहे: २०१६ च्या अभ्यासात हे प्रथिन नसलेल्या दुसऱ्या स्टेजच्या रुग्णांत केमो मिळालेले ९१ टक्के पाच वर्षांनी आजारमुक्त होते, न मिळालेले ५६ टक्के. पण तो जुन्या नोंदींवरचा अभ्यास होता, रुग्णसंख्या थोडी होती, आणि तेवढ्यावर धोरण करता येणार नाही. हर-२ हे प्रथिन दोन-तीन टक्क्यांत वाढलेले असते, चौथ्या स्टेजला त्यावर औषध आहे. तिथे जरूर करा, सरसकट नको.

आणि ती शेकडो प्रथिनांची मशीन. संशोधन म्हणून त्यांचे मोल आम्ही नाकारत नाही. २०१४ मध्ये ९५ गाठींतली हजारो प्रथिने मास स्पेक्ट्रोमीटरने मोजून झाली आणि जनुकाच्या आरएनएवरून प्रथिनाचे प्रमाण भरवशाने सांगता येत नाही, हे त्यातून कळले. पण त्यानंतरच्या दहा वर्षांत असे एकही पॅनेल रोजच्या उपचारात एमएमआरची जागा घेऊ शकलेले नाही. ज्या रुग्णालयात फॉर्मॅलिनला बफर नाही, तिथे त्या मशीनमध्ये जाणारा नमुनाही त्याच बरणीतून येणार.

आमच्या मागण्या.

‘मागणी असेल तरच’ आणि ‘पन्नाशीच्या आतच’ हे दोन्ही शेरे मागे घ्या. मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरचे निदान बायोप्सीवर झाले की वेगळा फॉर्म न भरता पॅथॉलॉजी विभागानेच तपासणी पुढे लावावी. खर्च आखडायचाच असेल तर आधी फक्त पीएमएस२ आणि एमएसएच६ लावा. दोन्ही शाबूत असतील, आणि बहुतेकांत असतील, तर तिथेच थांबता येते. एखादे गेले असेल तर उरलेली दोन. यात क्वचित एखादी केस निसटते, म्हणून चारही लावणे केव्हाही चांगले. पण काहीच न लावण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

प्रत्येक रुग्णालयाने अँटीबॉडी ठेवू नये. एका स्लाइडला साधारण १०० मायक्रोलिटर लागते, म्हणजे ६ मिलिलिटरच्या तयार बाटलीत कंट्रोलसकट ६० स्लाइड. महिन्याला तीन-चार केसेस असलेल्या ठिकाणी ती बाटली संपण्याआधीच मुदत उलटू शकते. विभागवार एकेक केंद्र ठरवा, तिथे आठवड्यातून एकदा सगळ्यांची बॅच लावा. पॅराफिन ब्लॉकला बर्फ लागत नाही, साध्या पार्सलने जातो. फक्त चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात थर्माकोलच्या डब्यात घाला, नाहीतर तापलेल्या गाडीत मेण मऊ पडते. केंद्राने दहा दिवसांत रिपोर्ट आणि ब्लॉक दोन्ही परत करावेत. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने कॅन्सरच्या औषधांची एकत्रित खरेदी करून दाखवली आहे. अँटीबॉडीसाठी, क्लोनच्या नावानिशी, तेच करता येईल.

ओटीच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवा: नमुना निघाल्याची वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ. रुंद तोंडाचे पाच लिटरचे डबे घ्या. बफर केलेले फॉर्मॅलिन पॅथॉलॉजी विभागाने बनवून, तारीख लिहून, ओटीला द्यावे; ओटीत पाणी मिसळणे बंद. मामा आणि सिस्टर यांना एकदा आमच्याकडे बोलावून चांगला आणि वाईट मुरलेला नमुना शेजारी शेजारी दाखवू. एका दुपारचे काम आहे.

ऑपरेशनपूर्व यादीत, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिनच्या खाली, सीईए छापून टाका.

एक नोंदवही सुरू करा. वय, गाठीची जागा, स्टेज, चार प्रथिने, सीईए, काय उपचार दिले, आणि एक, तीन व पाच वर्षांनी रुग्ण कसा आहे. नंबर बदलतात, म्हणून रुग्णाचा, घरातल्या एकाचा आणि गावातल्या आशाताईंचा, असे तीन फोन. आपल्याकडे या कॅन्सरचे तरुण रुग्ण आणि सिग्नेट रिंग (पेशी अंगठीसारख्या दिसणारा) प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतात. त्यांचे आकडे बाहेरून आयते मिळणार नाहीत.

हे सगळे कागदावर जास्त वाटत असेल, तर कुठल्याही सोमवारी सकाळी नऊ वाजता आपल्याच रुग्णालयाच्या ग्रॉसिंग रूममध्ये या. शनिवारच्या बरण्या टेबलावर असतील. पीएचच्या पट्ट्या आम्ही आणून ठेवतो.

कळावे,

आपले,
पॅथॉलॉजी, सर्जरी आणि कॅन्सर विभागांत काम करणारे डॉक्टर व लॅब टेक्निशियन